गाळाची खतावणी

२०१६ च्या ऑगस्टात गंगेला पूर आला तेव्हा भांडी बाजारातल्या आमच्या भावाच्या दुकानात छातीभर पाणी होतं. (नाशिककर गोदावरी हे नाव फॉर्म भरताना लिहितो. एरवी ती गंगा. ‘जरा गंगेवर जाऊन येते’ म्हटलं तर इथे कुणी हरिद्वारचं तिकीट विचारत नाही.) पात्रातला दुतोंड्या मारुती पाण्यात गेला तेव्हाच समजलं होतं की यंदा दुकान काही वाचत नाही. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि आम्ही सगळे घमेली, खराटे घेऊन पोचलो.

पुराचं पाणी आपलं आपण निघून जातं, काम लावतो तो गाळ. डब्यात डबा घालून रचलेले स्टीलचे डबे होते, सगळ्यात आतल्या चिमुकल्या डबीतसुद्धा तो शिरला होता. तांब्यात बोट घातलं तर दुधावरच्या सायीसारखा बोटाला लागायचा. तांबूस, करडा, इतका मऊ की दोन बोटांत चोळला तरी कण लागत नव्हता. माझं आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे मोजायची खोड. दुपारी जेवायला बसेपर्यंत एकशे बारा घमेली गाळ आम्ही दुकानातून रस्त्यावर काढला होता. संध्याकाळी टँकर आला, नळीनं सगळा धुतला, गटारीतून पुन्हा गंगेत.

“एवढा आला कुठून हो वन्सं?” भावजयीनं कंबर धरून विचारलं.

“वरून.”

“आणि आता?”

“खाली जाईल की.”

विषय तिथे संपला. मी मात्र तेव्हापासून या ‘खाली’च्या मागे लागले आहे. रोजकीर्दीत एक बाजू लिहिली आणि दुसरी सोडली की मला झोप येत नाही.

यातली एक नोंद त्याच्याही आधीची आहे. नोकरीत असताना चार वर्षं मुंबईत होते. एका वर्षी दोन फेब्रुवारीला, म्हणजे जागतिक पाणथळ दिनाला, आमच्या ऑफिसनं खाडीकाठी कांदळवन, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी खारफुटी, लावायचं ठरवलं. टोप्या मिळाल्या, टी-शर्ट मिळाले. गुडघाभर चिखलात उतरून आम्ही कांदळाच्या हिरव्या लांबट शेंगा ओळीनं खोचल्या. त्या शेंगा झाडावरच रुजून येतात आणि खाली पडल्या की चिखलात रोवून घेतात, हे मला तिथेच कळलं. किती रोपं लावली त्याचा आकडा त्या वर्षीच्या अहवालात फोटोसकट छापून आला. दोन वर्षांनी बदलीच्या आधी मी मुद्दाम जाऊन पाहिलं. भरतीच्या पाण्यावर चार काटक्या डोलत होत्या, त्यांना प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या. थोडं आत, जिथे आम्ही काहीच लावलं नव्हतं, तिथे तिवराची, म्हणजे खारफुटीच्याच दुसऱ्या जातीची, पोरं आपसूक उगवून माझ्या कमरेला लागली होती. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटली. ‘इतकी लावली’ हा आकडा आम्ही जमेला धरला होता. ‘इतकी जगली’ हा रकानाच नव्हता.

पुढे वाचत गेले तेव्हा लक्षात आलं की ही फजिती आमच्या एकट्यांची नव्हती. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत किनारा वाचवण्यासाठी खारफुटी लावायची लाट आली. नंतर तिथल्या संशोधकांनी २३ ठिकाणी फिरून पाहणी केली. हजार ते बाराशे हेक्टरांवर लागवड झाली होती, त्यातली साधलेली दोनशे-सव्वादोनशे हेक्टर. नऊ ठिकाणी तर एकही रोप जिवंत नव्हतं. हा अभ्यास २०१७ साली छापून आला. कारणं बरीचशी एकच गोष्ट सांगणारी: चुकीच्या उंचीवर लावलं. किनारपट्टीवर जी जागा मोकळी, कुणाच्या मालकीची नाही, ती बहुधा समुद्राच्या बाजूचा उघडा चिखल असते. तिथे झाडं का नाहीत हे कुणी विचारत नाही. ती तिथे नाहीत, कारण ती जागा त्यांना सोसत नाही.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात रॉबिन लुईस नावाच्या शास्त्रज्ञानं हेच आयुष्यभर सांगितलं. खारफुटीला पाणी लागतं, पण सततचं नाही. वर्षाचा हिशेब केला तर साधारण तीस टक्के वेळ किंवा त्याहून कमी पाण्याखाली राहावं, बाकीचा वेळ मुळांना हवा मिळावी. तेवढी उंची, तेवढा उतार आणि पाण्याची ये-जा जमवून दिली की बी भरतीबरोबर आपण होऊन येतं आणि रुजतं. फावडं आधी, रोप नंतर, आणि जमलं तर रोप नकोच.

हे वाचलं तेव्हा मला आमचे तात्यामामा आठवले.

माझं आजोळ निफाड तालुक्यातलं. मामांची जमीन दोन तुकड्यांत, एक नांदूरमधमेश्वर बंधाऱ्याच्या फुगवट्याला लागून आणि एक कालव्याखाली. कालव्याखालचा तुकडा म्हणजे आजोबांचा अभिमान. बारमाही पाणी, बारमाही ऊस. माझ्या लहानपणी त्याचं व्हायचं ते झालं, जमीन चिबडली. आधी उसाचे शेंडे पिवळे पडले, मग खोलगट भागात पाणी निथरेना, मग उन्हाळ्यात तिथे पांढरं पीठ सांडल्यासारखा थर दिसू लागला. मोठी माणसं दबक्या आवाजात म्हणायची, “खार फुटली.” घरात कुणाला मोठा आजार निघावा तसा तो आवाज असायचा. मी त्या थराला जीभ लावून पाहिली होती आणि आजीचा धपाटा खाल्ला होता. खारट, किंचित तुरट.

मामांनी आधी वरचे उपाय केले. जिप्सम टाकलं, ताग गाडला, नवं बेणं आणलं. काही लागेना. मग एका उन्हाळ्यात त्यांनी पीकच घेतलं नाही आणि सगळा तुकडाभर चर खोदले. मधोमध एक खोल चर ओढ्याकडे उतरता, आणि दोन्ही अंगांनी त्याला येऊन मिळणारे तिरके लहान चर. गावात थट्टा झाली. निम्मी जमीन खड्ड्यात घातली म्हणाले. पहिल्या पावसाळ्यात चरांतून जे पाणी वाहिलं ते म्हशीनं तोंड लावून सोडून दिलं, एवढं खारट. तिसऱ्या वर्षी गहू आला.

आता पूर्व किनाऱ्यावर या. तमिळनाडूत पिचावरमला खारफुटीचं मोठं जंगल आहे. आतून ते उजाड होत चाललं होतं. कडेनं हिरवं, मध्ये टक्कल. ठरलेलं उत्तर होतं: आसपासचे लोक तोडतात, गुरं चारतात. १९९० च्या दशकात चेन्नईच्या स्वामिनाथन प्रतिष्ठानच्या शास्त्रज्ञांनी तिथली जमीन मोजली, पाण्याचा खारेपणा मोजला, जुनी दप्तरं चाळली. निघालं ते वेगळंच. इंग्रजी अमदानीपासून वनखातंच तिथे टापूटापूनं सरसकट तोड करत आलेलं. सावली गेली, ऊन थेट मातीवर आलं, पाणथळ माती सुकून बसली आणि मध्ये बशीसारखा खोलगटपणा आला. मोठ्या भरतीचं पाणी त्या बशीत शिरायचं आणि ओहोटीला बाहेर पडायला वाट नाही. ते तिथेच आटायचं आणि मीठ मागे राहायचं. वर्षानुवर्षं असं होत होत समुद्रापेक्षा खारट अशी माती झाली. तिथे तिवराचं बीसुद्धा रुजेना. म्हणजे खारफुटीच्या जंगलातच खार फुटली होती!

त्यांनी काय केलं असेल हे तात्यामामांना न विचारता सांगता आलं असतं. खाडीला जोडून तिरका मुख्य चर खोदला, त्याला दोन्ही बाजूंनी तिरके उपचर. वरून पाहिलं तर माशाचा काटा. भरती-ओहोटीचं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करू लागलं आणि मीठ धुऊन नेऊ लागलं. चरांच्या उतरत्या काठावर, अगदी तळाशीही नाही आणि माथ्यावरही नाही, अशा बेताच्या उंचीवर तिवर लावला. आणि तो जगला. पुढे हीच पद्धत गोदावरी आणि कृष्णेच्या मुखाशी वापरली गेली. चर बुजतात, पुन्हा उपसावे लागतात, त्यासाठी आसपासच्या गावांना सोबत घ्यावं लागतं. ही सगळी कटकट आहेच. मामांचेही चर दर एक-दोन वर्षांनी उपसावे लागत आणि दर वेळी भावाभावांत कुणी किती उपसायचं यावरून वाजायचं.

गोदावरीच्या मुखाशी, हे वाचून मी पुस्तकातून डोकं वर काढलं. म्हणजे आमच्याच गंगेच्या.

२०१८ च्या डिसेंबरात योग आला. भाचीच्या नवऱ्याची काकीनाडाला बदली झाली होती. काकीनाडाजवळ कोरिंगा हे अभयारण्य आहे, १९७८ साली जाहीर झालेलं. तिथे खारफुटीच्या आतून लाकडी फळ्यांची वाट केलेली आहे. दोन्ही बाजूंना चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी तिवराची श्वासमुळं. चिखलावर निवटे मासे उड्या मारत होते. कोकणात यांचं कालवण खाल्लंय, पण इतक्या जवळून, डोळे वर काढून माझ्याकडे रोखून पाहणारा निवटा पहिल्यांदाच पाहिला. वाट दाखवणारा मुलगा सारखा “मड, मड” म्हणत होता. मी ‘माड’ ऐकलं आणि नारळ शोधत बसले. तेलुगूत खारफुटीला मड म्हणतात हे भाचीनं सांगितलं तेव्हा तो मुलगाही हसला.

मग बोटीत बसलो. खाडी रुंद होत गेली. मी विचारलं, ही नदी कुठली? मुलगा म्हणाला, “गौतमी.”

अंगावर काटा आला हे लिहिणं जरा नाटकी वाटतं, पण आला. धवळेश्वरमच्या बंधाऱ्याखाली गोदावरीचे फाटे फुटतात, त्यातल्या एकाचं नाव गौतमी. आणि इकडे त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर गौतम ऋषींनी तिला आणलं म्हणून आम्हीही तिला गौतमीच म्हणतो. १४६५ किलोमीटर वाहून, तीन-चार भाषा ओलांडून बाई माहेरचंच नाव लावून समुद्राला मिळते. मी बोटीच्या कडेवरून हात खाली सोडला आणि मुळांपाशी साचलेला चिखल चिमटीत घेतला. मऊ, करडा, कण न लागणारा. भांडी बाजारातल्या तांब्यात होता तसा. तोच होता असं मी म्हणणार नाही. बँकेत सहीच्या नुसत्या साम्यावर चेक वटत नाही.

मात्र तपास करायला शास्त्रज्ञांकडे सहीपेक्षा पक्की खूण आहे. आपल्या दख्खनचा काळा बेसाल्ट आणि गोदावरीच्या खालच्या खोऱ्यातले फार जुने खडक यांच्या मातीत निओडिमियम नावाच्या मूलद्रव्याचं मिश्रण वेगवेगळं असतं. गोदावरीच्या मुखासमोर बंगालच्या उपसागरात तळाला नळी खुपसून गाळाचा एक लांबलचक नमुना काढला गेला होता, गेल्या साधारण अकरा हजार वर्षांचा. त्यातला कुठला थर कुठून आला हे त्या खुणेवरून वाचलं. २०१७ साली ते प्रसिद्ध झालं. गेल्या काही हजार वर्षांत, हवामान कोरडं होत गेलं आणि दख्खनवर शेती पसरली, तसतसा समुद्रात पोचणारा दख्खनचा गाळ वाढत गेला. झाडं गेली, नांगर आला, माती सुटली.

मी हे वाचलं त्या रात्री मला आमची नाशकातली मातीची गढी दिसत राहिली. १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि देव यांनी तिथे उत्खनन केलं आणि खाली ताम्रपाषाण काळातल्या वस्तीच्या खुणा सापडल्या. गंगेच्या काठावर मडकी भाजणारी, काहीतरी पेरणारी ती माणसं. पावसाळ्यात त्यांच्या शेतातून गढूळ पाणी ओघळत नदीला लागत असणार. त्या वेळी कुणी विचारलं असतं, “कुठे जातं हे?” तर त्यांनीही माझ्यासारखंच हात हलवून म्हटलं असतं, “खाली.”

आणि खाली जमीन तयार होत होती. मुखाशी गाळाचे थर चढत होते, त्यावर मड रुजत होती. आज आपण ज्या खारफुटीला अस्पर्श निसर्ग म्हणून जपायला निघतो, तिच्या पायाखाली कुणाच्या तरी नांगरटीची माती आहे. मग ‘पूर्ववत करणे’ म्हणजे कुठल्या पूर्वीसारखं करायचं, हा प्रश्न मला पडतो. इंग्रजांच्या तोडीआधीसारखं? धवळेश्वरमचा बंधारा इंग्रज इंजिनिअर आर्थर कॉटननं १८५२ साली पुरा केला, त्याच्याआधीसारखं? की नांगराच्याही आधीसारखं?

याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही. नांदूरमधमेश्वरनं मात्र प्रश्न आणखी अवघड केला.

गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला, तो कालव्यांना पाणी द्यायला. पक्ष्यांचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. नदीचा वेग मंदावला की ती हातातलं ओझं खाली ठेवते. तसा गाळ बसत गेला, पाण्याचा साठा कमी होत गेला, उथळ पाणी आणि चिखलाची बेटं झाली, पाणकणसं वाढली, आणि पक्षी आले. वारकरी, चक्रवाक, थापट्या, चमचे. कधीमधी रोहित. आज ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा आहे, नोंद २०१९ ची. रामसरच्या माहितीपत्रात तिथल्या एका छोट्या माशाचा उल्लेख आहे, नष्ट होण्याच्या काठावरचा, आणि त्याचं इंग्रजी नाव आमच्या देवळालीवरून पडलेलं आहे. पाटबंधारे खात्याच्या वहीत जो गाळ तोट्यात लिहिला जातो, तोच वनखात्याच्या वहीत भांडवल म्हणून चढतो. आणि शेतकऱ्याला विचाराल तर तो म्हणतो, गाळ उपसा आणि माझ्या वावरात टाका. त्याचंही चूक नाही. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नावाची सरकारी योजनाच आहे.

चौथी वही मुखाशी उघडते. विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१० साली हिशेब मांडला. १९७० ते ७९ या काळात गोदावरी मुखाशी वर्षाला सरासरी १५ कोटी टन गाळ आणत होती. २००० ते २००६ मध्ये तो पावणेसहा कोटी टनांच्या आसपास आला. बाकीचा धरणांच्या पोटात. कृष्णेची गत याहून वाईट. १९६५ ते २००८ या ४३ वर्षांत दोन्ही नद्यांच्या मुखाजवळच्या किनाऱ्यातली, नव्यानं बनलेली जमीन वजा जाता, ७६ चौरस किलोमीटर जमीन समुद्रात गेली. काकीनाडाच्या उत्तरेला उप्पाडा गावात मी समुद्रानं खाल्लेला रस्ता पाहिला. डांबराचा तुटका काठ आणि त्याच्यापुढे एकदम लाटा. तिथल्या धुपेची कारणं एकापेक्षा जास्त आहेत, बंदराच्या बांधकामांपासून सुरुवात होते, हे मला माहीत आहे. नाशिकच्या धरणांचा यातला वाटा गोदावरीच्या अवाढव्य खोऱ्यात मुठीएवढा, हेही माहीत आहे. तरी गंगापूर, दारणा, नांदूरमधमेश्वर आणि पुढचं जायकवाडी ही नावं त्या यादीत आहेतच.

आम्हा नाशिककरांची नदी तशी जायकवाडीला संपते. दर ऑक्टोबरात ‘पाणी पळवलं’ची ओरड होते. समन्यायी वाटपाचा कायदा, कोर्ट, आंदोलन. मराठवाडा पाणी मागतो, नाशिक-नगर नाही म्हणतात, मग दरवाजे उघडतात. या भांडणात नदी म्हणजे टीएमसी, अब्ज घनफुटांत मोजलेलं पाणी. गाळाला कुणी दावेदार नाही. पाण्याच्या वाटपासाठी लवाद नेमले गेले. कोरिंगाच्या तिवरानं आपला गाळ मागायला कुठल्या लवादापुढे जावं?

बरं, मागितला आणि कुणी द्यायचा म्हटला तरी सोपं नाही. अमेरिकेत मिसिसिपीच्या मुखाशी दलदली बुडत चालल्या आहेत. तिथे नदीचा तट फोडून गाळाचं पाणी दलदलीत सोडायचा एक प्रचंड प्रकल्प शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं आकडेमोड करून उभा केला. २०२३ साली काम सुरूही झालं. पण गोडं पाणी शिरलं की खाडीतली कालवं मरतील, कोळंबी हटेल म्हणून मच्छीमार विरोधात उभे राहिले, खर्च फुगला, आणि २०२५ च्या जुलैत राज्यानं प्रकल्पच रद्द केला. मला दोन्ही बाजू पटतात, हीच पंचाईत. चिखलातून वाट काढणाऱ्या शास्त्राला माणसांतून वाट काढता येत नाही, असं एकदम लिहून टाकावंसं वाटतं, पण ते खरं नाही. पिचावरमला ती काढली होती. वेळ लागला इतकंच.

आता माझ्या रांगोळीची गोष्ट.

पाणथळीत गाळ किती चढतो हे मोजायची शास्त्रज्ञांची एक रीत वाचून मी हरखून गेले. चिखलावर हातभर चौकोनात फेल्डस्पार नावाच्या दगडाची पांढरी पूड पसरतात आणि निघून जातात. वर्षानं येऊन तिथे सुरी घालून केकसारखा काप काढतात. पांढरी रेघ दिसते. रेघेच्या वर जेवढा चिखल तेवढा वर्षाचा गाळ. शेजारी खोलवर सळई ठोकून जमीन मुळात वर येते आहे की खचते आहे हेही मिलिमीटरमध्ये मोजतात. सगळा खेळ मिलिमीटरचा आहे. जगभरचा समुद्र सध्या वर्षाला तीन-चार मिलिमीटर चढतो आहे. २०२० साली आलेल्या एका अभ्यासानं हजारो वर्षांचे नमुने तपासून सांगितलं की ही चढण वर्षाला ६.१ मिलिमीटरच्या पुढे गेली तर खारफुटीला आपली जमीन उंचावत टिकून राहणं बहुधा जमणार नाही. गाळ भरपूर मिळाला तर ती तग धरते. ज्या काळात त्या झाडांना गाळ सर्वांत जास्त हवा, नेमका त्याच काळात आपण तो अडवून धरलाय.

पांढरी पूड म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर शिरगोळ्याची रांगोळी आली. पंचवटीत किलोवर मिळते. पाच किलो घेतली आणि एका आषाढात मामेभावाकडे गेले. फुगवट्याच्या काठाचा त्याचा तुकडा आहे, पाणी चढलं की बुडतो, उतरलं की तो त्यात गाळपेर करतो, बहुतेकदा हरभरा. अभयारण्याची हद्द जरा पलीकडे. तिथे पाण्याच्या कडेला मी दोन फुटांचा चौकोन भरला. मामेभाऊ बांधावर उभा राहून बघत होता.

“ताई, पुराला ओवाळतेस का?”

“मोजते आहे.”

“काय?”

“तुझ्याकडे किती येतं ते.”

“आन् माझ्याकडून जातं किती ते कोण मोजणार?” तो हसत म्हणाला. प्रश्न बिनतोड होता.

पहिल्या वर्षी पुरती फजिती झाली. दिवाळीत जाऊन पाहिलं तर चौकोनाच्या जागी म्हशी लोळून गेल्या होत्या. दुसऱ्या वर्षी चारी बाजूंनी बाभळीच्या फांद्या रोवल्या. त्या वर्षी पाऊसच बेताचा, पाणी तिथवर चढलंच नाही. रांगोळी पावसानं धुतली गेली. तिसऱ्या वर्षी जमलं. कार्तिकात पाणी उतरलं, चिखल घट्ट झाला, मी विळ्यानं काप काढला. पांढरी रेघ होती! वाकडीतिकडी, एका ठिकाणी खेकड्यानं भोक पाडून वर नेलेली, पण होती. तिच्यावर गाळ होता दीड बोट. घरी येऊन पट्टीनं मोजला तर एका टोकाला अठ्ठावीस मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला एकोणीस. एका चौकोनावरून काही सिद्ध होत नाही, माहीत आहे. तरी वहीत लिहून ठेवलं, खाली तारीख घालून सही केली. समुद्र चढतो तीन-चार मिलिमीटर, आणि इथे हरभऱ्याच्या तुकड्यात एका पावसाळ्यात त्याच्या पाच-सहा पट.

तो हरभरा मात्र अप्रतिम होता. सोलाण्याची उसळ खाताना मी मामेभावाला म्हटलं, की हा खरं तर कोरिंगाच्या निवट्यांच्या तोंडचा घास आहे. त्यानं आणखी एक वाढ घेतली.

या आषाढात गेले तेव्हा गुडघे दुखत होते, चिखलात उतरवेना. वहिनी म्हणाली, “द्या इकडे, मी भरते.” पदर खोचून ती उतरली. चौकोन भरता भरता तिला काय वाटलं कोण जाणे, नुसती पूड पसरून ठेवणं काही तिला पटेना. चातुर्मास लागलाच होता. तिनं चौकोनाच्या मध्ये चिमटीनं नीट गोपद्मं काढली, ओळीनं तेहेतीस. मी वरून ओरडले की जाडी सारखी हवी, नाहीतर मोजमाप चुकेल. तिनं मान वर न करता सांगितलं, “मग मधल्या पावलावर मोजा.”

रात्री वर त्र्यंबकला जोराचा पाऊस झाला. सकाळी काठावर गेलो तेव्हा पाणी फांद्यांच्या खुणेशी आलं होतं आणि पहिल्या ओळीतली पावलं करडी होऊ लागली होती.